रंगीत अळूच्या रक्षणाची आणि गोगलगाईंच्या पारिपत्याची हकिगत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, श्रावण वद्य पक्षी, कल्याण शहरी एका इमारतीच्या तळमजल्यामागे जे तुंबळ युद्ध जाहले, त्याचे वर्तमान यथामती लिहिले आहे. लिहिणारा राजश्री मारुतीरावांच्याच घरच्या चहाचा मिंधा, सबब थोडा पक्षपात होणे. परंतु जेथे फजिती जाहली तेथे फजितीच लिहिली आहे. श्रोते हो, हसू आलियास हसावे.

तर मूळ ऐसे जे. मारुतीराव टपालखात्यातून निवृत्त, गळां तुळशीची माळ, आणि कीर्तन म्हणजे जीव की प्राण. बुवांनी पूर्वरंग आरंभावा आणि मारुतीरावांनी डोळे पुसावे, ऐसा तीस वर्षांचा परिपाठ. सौभाग्यवती नंदाबाईंचे राज्य मात्र निराळे. इमारतीमागे भिंतीच्या सावलीत, जेथे सूर्यनारायण चुकून डोकावतात, तेथे बाईंनी नेचे, बिगोनिया, कोलियस ऐशी साठ कुंड्यांची फौज वसविली होती, आणि मध्यभागी सिंहासनी रंगीत अळू, हिरव्या पानावर गुलाबी शिंतोडे. त्याचा कंद बाईंच्या मातोश्रींनी कोकणातील परसातून काढोन दिला होता. मग मातोश्री गेल्या, मग भावांनी ते घर विकले, आणि माहेर म्हणोन जे काही उरले ते या एका कुंडीत उरले.

ऐशियात कन्या रसिका कोलशेत मुक्कामी बाळंत जाहली आणि नंदाबाईंनी तिकडे कूच केले. रिक्षा दारी उभी असता फर्मान सुटले ऐसे जे, "बाकी काय मेलं तर मेलं, अळू जाता कामा नये. कळलं का? नुसती मान डोलवू नका, ते कीर्तनात चालतं."

मारुतीरावांनी मान डोलविली.

आणि मग चौकातील मंदिरी सप्ताह बसला. रोज सायंकाळी सहा ते आठ रतनबुवांचे कीर्तन. उठतेसमयी देवाचे उतरलेले हार पाहोन मारुतीरावांस बहुत कष्ट होत, की देवाच्या अंगावरचे कचऱ्यात कैसे जावे? सबब ते रोज पिशवी भरोन घरी आणीत, आणि जेथे कोणाचा पाय पडणार नाही ऐशी पवित्र जागा पाहोन, सावलीतल्या कुंड्यांच्या मागे रचोन ठेवीत. दुसरे दिवशी मंडपाचे केळीचे खांब कलंडले. तेही खांद्यावर वाहोन तेथेच निजविले आणि वरोन नमस्कार केला.

तिसरे दिवशी प्रातःकाळी पाहतात तो आकांत! कोलियसची चाळण जाहलेली, बिगोनियाचे देठ उभे आणि पाने नाहीत, आणि अळूच्या पाच पानांपैकी तीन साफ बुडालेली. फरशीवर चंदेरी रेघांच्या वाटा. गनीम दो जातींचा होता: एक पाठीवर किल्ला वाहणारे जड पायदळ, दुसरे बिनकिल्ल्याचे, शेंबडे, लबाड. त्या सायंकाळी कोलशेतहून फोन आला, "अळू कसं आहे?" आणि माळ गळां असता मारुतीराव बोलिले की टवटवीत आहे.

मग मसलत बसली. शेजारच्या भीमाबाई, दवाखान्यात तीस वर्षे मेट्रन, बोलण्यात सुईहून तीक्ष्ण. त्यांनी सल्ला दिला, "भाऊ, मीठ टाका. दोन मिनिटांत विषय संपला." मारुतीरावांनी मिठाची पुडी फोडिली, मूठ उचलली, आणि समोरील गोगलगाईने दोन्ही शिंगे उभारोन त्यांजकडे पाहिले. आदले दिवशीच बुवांनी सर्वां भूती देव लावोन धरिला होता. मूठ बाजूस वळली आणि मीठ सांडले ते नेच्याच्या कुंडीत. गनीम सुखरूप निघोन गेला. नेचा मात्र तिसऱ्या दिवशी धारातीर्थी पडला.

मग इंटरनेटवरील पंडितांकडोन कळले की अंड्याच्या टरफलांचा तट उभारावा. श्रावणमास, घरात अंडे निषिद्ध. सबब मारुतीराव स्टेशनाजवळील भुर्जीच्या गाडीवर टोपी खाली ओढोन गेले आणि टरफलांची पिशवी घेऊन वळतात तो समोर सप्ताहाचे चिटणीस सलिलराव उभे.

"काय मारुतीराव! श्रावणात?"

"अहो, नुसती टरफलं आहेत."

"असू दे, असू दे. मी कुणाला नाही सांगत."

त्यांनी सर्वांस सांगितले. आणि तटाचे काय जाहले? रात्रभर पाऊस पडला, टरफले भिजोन चिकटली, आणि गनीम त्यावरोन सहकुटुंब चालत आला. अळूचे चौथे पान गेले.

मग मारुतीरावांनी हाते धरोन एकतीस कैदी बादलीत घातले आणि भिंतीपलीकडील मोकळ्या भूखंडी हद्दपार केले. दुसरे दिवशी सकाळी तितकेच पुनः हजर. पाचवे पानही त्याच दिवशी गेले. कुंडीत निव्वळ माती. मारुतीराव पायरीवर बसले आणि डोळे पुसू लागले. आणि हे काही पूर्वरंगाचे अश्रू नव्हते.

भीमाबाई कपडे वाळत घालण्यास आल्या, त्यांनी हा प्रकार पाहिला, मग काठीच्या टोकाने केळीचा खांब उलथिला. खाली काय? दोनशेंची छावणी! झेंडूच्या ओल्या हारांत अंडी, केळीच्या पापुद्र्यांत पिल्ले, सर्वत्र थंड, ओलसर, निर्धास्त.

"भाऊ," भीमाबाई बोलिल्या, "तुम्हीच मंडप घातलाय, तुम्हीच रोज जेवण आणताय. सप्ताह बसलाय त्यांचा इथे. उठतील कशाला?"

रोज सायंकाळी भक्तीने रसद पोहोचविणारा गनिमाचा वाणी तो आपणच, हे मारुतीरावांचे ध्यानी आले. तैसेच उठोन रतनबुवांकडे गेले आणि अपराध सांगितला. बुवा दाढी करीत होते. फेस पुशीत आज्ञा केली, "अहो, मग खत करा की! देवाला वाहिलेलं मातीत गेलं तर देवाकडेच गेलं. आणि झाकण लावा ड्रमला."

मग मनसबा फिरला. हार झाकणाच्या ड्रमात, ड्रम उन्हात. कुंड्या विटांवर चढविल्या. केळीचा एक तुकडा मात्र दूर कोपऱ्यात मुद्दाम ठेविला. गनीम गारव्यास तेथे जमे, आणि पहाटे मारुतीराव तुकडा उलथोन सर्वांस बादलीत घेत. शीळफाट्याकडोन दूध घेऊन येणारे देवराम बोलिले, "द्या काका, माझ्याकडे बदकं आहेत." बदकांचे दरबारी पुढे काय जाहले, याची चौकशी मारुतीरावांनी केली नाही. कर्तव्यास त्यांनी तेवढीच पाठ दाखविली.

ऐशियात अष्टमीस, रिकाम्या समजलेल्या कुंडीत, मातीतून एक सुरळी वर आली. सुईएवढी, गुलाबी टोकाची. कंद जिवंत होता! आणि नवमीस काल्याचे कीर्तन. वर्षभर ज्याची वाट पाहावी ते कीर्तन, सहा ते आठ, म्हणजे नेमकी गनीम बाहेर पडण्याची वेळ. मारुतीरावांनी धोतर नेसले, टोपी घातली, दारापर्यंत गेले. मग परतोन मागच्या दारी स्टूल टाकिले, हाती टॉर्च घेतली आणि सुरळीपाशी पहारा धरिला. लाऊडस्पीकर दूर वाजत होता; वारा वळे तेव्हां एखादा चरण येई, तेवढ्यावर मान डोले.

दशमीस नंदाबाई दाखल जाहल्या. थेट मागे गेल्या. साठ कुंड्यांची दशा पाहिली, मग अळू पाहिले. सुरळी अर्धी उलगडोन एक पान जाहली होती.

"टवटवीत म्हणालात ना? एवढंच?"

मारुतीरावांनी सर्व कबूल केले, भुर्जीच्या गाडीसुद्धा. बाई घुश्शात होत्या, तोच भीमाबाई खिडकीतून बोलिल्या, "ताई, काल्याला गेले नाहीत हो हे. स्टुलावर बसले होते."

नंदाबाई थांबल्या. मारुतीरावांच्या कपाळास हात लावोन पाहिला, ताप तर नाही ना. ताप नव्हता. मग हात तेथेच अंमळ राहिला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपल्याकडील नेचा एक पडला, अळूची पाच पाने कामास आली, एक उभे राहिले, आणि मुलूख राखिला. त्याच सायंकाळी रतनबुवांनी काल्याचा हार प्रसाद म्हणोन घरी धाडिला. मारुतीरावांनी तो दोन्ही हाते घेतला, प्रथम दाराबाहेर नेऊन तीन वेळां झटकला, उलटसुलट पाहिला, आणि मग मस्तकी लाविला.