मिरचीखालचं धोतर

भाईदास गुरुजींना तहान लागली की ते ओसरीवरून नुसतं "पानी!" म्हणत, आणि पाणी येई. धोतर म्हटलं की धोतर येई, टोपी म्हटलं की टोपी. या वस्तू घरात नेमक्या कुठे राहतात हे लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायला हवं असंही कधी वाटलं नव्हतं. आणून देणारी धनुबाई होती. असे हे गुरुजी चैत्रात धुळ्याला शिक्षकांच्या संमेलनाला गेले आणि लहान मुलांना स्वावलंबी कसं करावं यावर तासभर व्याख्यान ऐकून आले.

घरी प्रयोगाला एकच मूल होतं. कोकिळाला तिसरं वर्ष लागलं होतं. ती दिवसभर आईच्या कडेवर असे, आणि उरलेला वेळ आजीच्या, म्हणजे भिकुबाईच्या, मांडीवर. भाकरी दुधात कुस्करून भिकुबाई तिला घास भरवी.

"आजपासून भरवणं बंद," गुरुजींनी जाहीर केलं. ते शाळेतलं बोलायचे तेव्हा शुद्ध बोलत. "पडेल, सांडेल, पण शिकेल. आपलं आपण!"

"भाईदास, लेकरू शे ते, हवालदार नही," भिकुबाई म्हणाली.

 धनुबाईच्या मनात मात्र आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. साऱ्या खानदेशातल्या लेकी आखाजीला माहेरी जातात, झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसतात, गौराईची गाणी म्हणतात. धनुबाई मागच्या वर्षीही माहेरी रनाळ्याला गेली होती. पण कोकिळा कडेवरून उतरेना आणि झोका दिसला की किंचाळे. दोन्ही दिवस धनुबाई निंबाखाली उभी राहून मैत्रिणींचे झोके मोजत होती. आखाजीला जाऊन झोका न घेता येणं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परतणं.

रात्री जेवणं आटोपल्यावर तिनं धीर केला. "आवो, पोर आपला हाते जेवाले लागनी, पानी लीसन पेवाले लागनी, ते औंदा आखाजीले मी एकलीच जाऊ का? दोनच दिन."

"अवश्य," गुरुजी म्हणाले. "मात्र परीक्षा मी घेईन. पानी!"

परीक्षा घेणार गुरुजी, शिकवणार धनुबाई. तिनं लहानसा माठ जमिनीवर ठेवला, त्यावर चिमुकली लोटी पालथी घातली. पहिले चार दिवस कोकिळाच्या ताटातली निम्मी भाकरी कोंबड्यांनी खाल्ली आणि डाळ केसांत गेली. पाचव्या दिवशी भिकुबाईला राहवलं नाही, तिनं गुपचूप घास पुढे केला. कोकिळानं ओठ मिटून घेतले आणि ठणकावलं, "आपलं आपन!" म्हातारीचा हात तसाच राहिला. मग तो घास तिनं स्वतःच्याच तोंडात घातला. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं नाही.

गुरुजी खाटेवर बसून "शाब्बास, कोकिळा!" म्हणत होते.

धनुबाईनं आणखी एक गोष्ट शिकवली. कोणती वस्तू कोणाची, हे ओळखायचं आणि मागितली की ज्याची त्याला नेऊन द्यायची. "हाई लुगडं कोनं?" "आजीनं." "हाई टोपी?" "तात्यानी." अंगणात वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या वाळत होत्या. त्यांच्याखाली घरोघरी असतं तसं गुरुजींचं जुनं धोतर अंथरलेलं होतं. कोकिळानं त्याकडेही बोट दाखवलं. "तुन्हा तात्यानं धोतर," धनुबाईनं सांगितलं. खोटं काहीच नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी धनुबाईचा धाकटा भाऊ हिलाल गाडी घेऊन दारात हजर झाला. मिरच्या कालच पोत्यात गेल्या होत्या, धोतर झटकून, घडी करून ओट्यावर ठेवलेलं होतं. धनुबाईनं हिरवं लुगडं नेसून गाठोडं बांधलं. गुरुजी अंघोळ करून पंचा गुंडाळून माजघरात आले. मेहुणा समोर, शिष्या तयार. याहून चांगला मुहूर्त कुठला?

"हिलालराव, आता बघा. कोकिळा, तात्यांचं धोतर आण!"

कोकिळा दुडक्या चालीनं निघाली. धुतलेली धोतरं पेटीत असतात हे तिला माहीत होतं, पण पेटीचं झाकण तिला उचलत नव्हतं. ओट्यावरचं धोतर हाताला येत होतं. तेही तात्यांचंच. तिनं दोन्ही हातांनी कवटाळून ते आणलं.

"पाहिलंत? ना हाक, ना रडं!" असं म्हणत गुरुजींनी माजघरातल्या अंधारात, मेहुण्याकडे बघत, ते नेसलं. हातात आलेलं धोतर बघायची त्यांना सवयच नव्हती.

बाहेर वैशाखाचं ऊन. गुरुजी खाटेवर बसून स्वावलंबनावर बोलू लागले. जरा घाम आला, आणि त्यांना वाटलं, खाटेत ढेकूण झाले. ते उठून ओट्यावर बसले. ढेकूणही सोबत आले. ते उभे राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. "मूल... मूल जेव्हा स्वतः..." कपाळावर घामाच्या धारा लागल्या. त्यांनी सोगा उचलून कपाळ पुसलं, डोळे पुसले, आणि पुढचं व्याख्यान तिथंच संपलं.

"दाजी, रडी ऱ्हायनात?" हिलाल चकित झाला. "दोनच दिन ते शेतस!"

गुरुजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नाक लाल झालं होतं. तोंडातून शब्द फुटत नव्हता. गाडीत बसलेल्या धनुबाईनं हे पाहिलं. नऊ वर्षांत या माणसानं तिच्यासाठी टिपूस गाळलं नव्हतं. तिचा जीव गलबलला.

"ऱ्हाऊ दे रे, हिलाल," ती म्हणाली. "मी नही येत. यासले सहन व्हत नही." आणि तिनं गाठोडं खाली ठेवलं.

तेवढ्यात दारातल्या भिकुबाईला फटाफट तीन शिंका आल्या. तिला दिसत कमी होतं, पण नाक शाबूत होतं. हे रडं कसलं आहे ते तिला कळलं. पण ती नुसती मुलाकडे तोंड करून उभी राहिली. आपलं आपण, मग हेही त्यानंच सांगावं.

गुरुजींना वाटलं, गप्प बसावं. बायको राहील, अब्रू राहील, वर प्रेमळ नवरा म्हणून नाव होईल. पण किलकिल्या डोळ्यांनी त्यांना धनुबाईचा पाय दिसला. तो गाडीच्या चाकावरून सावकाश खाली येत होता. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, तक्रारही नव्हती. मन मारायची तिला सवय झालेली होती. ती सवय गुरुजींनी आज पहिल्यांदा पाहिली, आणि ती त्यांना मिरचीपेक्षा झोंबली.

"जाय!" ते ओरडले. शुद्ध भाषा केव्हाच पळाली होती. "तू जाय वं! मी रडत नही! मिरच्यासखालनं धोतर नेसनू मी! आग व्हई ऱ्हायनी, आग!" आणि सोगा हातात धरून ते विहिरीजवळच्या, बैलांच्या पाण्याच्या हौदाकडे पळत सुटले.

हिलाल गाडीच्या दांडीवर डोकं टेकून हसला. धनुबाई पदर तोंडात कोंबून हसली. कोकिळा मात्र तात्यांना बैलांच्या हौदात बसलेलं बघण्यात इतकी रमली, की आईची गाडी हलली तेव्हा रडायचं राहूनच गेलं.

बऱ्याच वेळानं हौदातून हाक आली, "कोकिळानी माय! धोतर!" रस्त्यावर फक्त धूळ होती. हौदाच्या काठाशी कोकिळा उभी होती.

"तात्या, आपलं आपन," ती गंभीरपणे म्हणाली.

गुरुजी ओलेते घरात आले आणि मधोमध उभे राहिले. कुठं शोधावं? कोकिळानं त्यांचं बोट धरलं आणि त्यांना पेटीपाशी नेलं. झाकण त्यांनी उचललं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धनुबाई परतली. तिच्या तळहातांवर झोक्याच्या दोराचे लाल वळ उठले होते, आणि ती ते पुन्हा पुन्हा बघत होती.

"पोरनी तरास दिधा का, माय?" तिनं सासूला विचारलं.

"पोरनं काय, ती शिकेलच शे," भिकुबाई म्हणाली. "तुन्हा नवरा पानी लीसन पेवाले शिकना. अजून सांडस, पन शिकी जाई."

कोकिळा आजीच्या मांडीवर होती. दोन दिवसांत आजी-नातीचा समझोता झालेला दिसत होता: सकाळी आपलं आपण, संध्याकाळी घास आजीचा.

ओसरीवरून सवयीनं हाक आली, "पा..." ती अर्ध्यातच थांबली. गुरुजी उठले, माठापाशी गेले, लोटी भरली आणि थोडं सांडत, उन्हातून आलेल्या धनुबाईपुढे येऊन उभे राहिले.

"घे. ऊनमाईन उनी तू."

धनुबाईला क्षणभर लोटी घ्यायचं सुचेना.  बोलली ती आजीच्या मांडीवरची परीक्षक, तोंडातला घास गिळून.

"शाब्बास, तात्या!"