बोरकरकाकांची पंगत

बोरकरकाका लग्नाला जाताना आहेराचं पाकीट विसरतील, पण खिशातला स्टीलचा पेला विसरणार नाहीत. कुणी कागदी कपात चहा दिला, की आतला प्लास्टिकचा गुळगुळीत थर नखाने खरवडून यजमानालाच दाखवतात. यजमान पुन्हा बोलवत नाही, हा भाग वेगळा.

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर १० मध्ये ते आमचे शेजारी. सारी नोकरी कारखान्यात, कन्व्हेयर बेल्टवर गेली. त्यामुळे माणसाचं पोटही त्यांना बेल्टच वाटतं.

"गोटा आला तर दिसते, काढून फेकता येते. बारीक चुरा रोलरमंधी जाऊन बसते भाऊ, अन् मंग बसा बोंबलत!"

प्लास्टिकचे बारीक कण आतड्यांना नेमकं काय करतात, याचा शोध अजून चालू आहे, असं मी एकदा शहाणपणाने म्हणालो.

"तोवर चुरा खात राहू का?"



यंदा गणपतीच्या महाप्रसादाला मंडळाने प्लास्टिकच्या वाट्या ठरवल्या. उकळतं वरण, आणि प्लास्टिक! काका सभेत उभेच राहिले.

"स्टीलची भांडी धुणार कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"ज्यानं त्यानं घरून आना ना! लग्नातल्या भांड्यायवर नावं काहून कोरली मंग?"

सभा खो खो हसली आणि काका जिंकले. महाप्रसादाला सगळे आपापली ताटं घेऊन हजर. कुणाच्या ताटावर आजीचं नाव, कुणाच्या आत्याचं. अध्यक्षांना घाईत परात सापडली, ते परातीतच जेवले.

मी अभिनंदन करायला गेलो, तर काका वरणाचं भांडं घेऊन काकूंसमोर उभे. आतड्याच्या दुखण्यापायी काकूंनी कित्येक वर्षं बाहेरचं जेवण सोडलं होतं. आज पहिल्यांदा त्या पंगतीला बसल्या होत्या.

"ड्यूटीवरून येताना रोज प्लास्टिकच्या पन्नीत गरम चहा आनो मी हिच्यासाठी," काका मला हळूच म्हणाले. "हिले आवडे म्हणून."

"डॉक्टरनं कुठं म्हटलं, त्यानंच झालं म्हणून?" काकू म्हणाल्या. "अजून वाढा ना जी. भात कोरडा राहिला."

काकांनी भांडं तिरपं केलं. वरण संपलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज अख्ख्या मांडवात घुमला.

"वरण आना रे इकडे! आमची मंडळी दुसऱ्यांदा मागून राहिली!"