चारशे सतरा नंबरचं नाक

डायनिंग टेबलावर चार बॅगा उघड्या पडल्या होत्या. त्यातल्या तीन रिकाम्या होत्या. चौथीत आजींचा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा आणि पोहण्याचा आणखी एक पोशाख एवढंच सामान होतं.

"आई, सहा दिवसांसाठी चाललोय आपण," सूनबाई म्हणाल्या. "बाकीचे कपडे?"

"ते पाण्याबाहेर आल्यावर लागतात," आजी म्हणाल्या. "मी कशाला बाहेर येतेय?"

आजींनी एकतीस वर्षं शहराच्या जलतरण तलावावर पोहणं शिकवलं होतं. अर्ध्या शहराला त्यांनी हनुवटीखाली हात धरून तरंगायला लावलं होतं आणि ते अर्धं शहर त्यांना अजूनही 'पोहण्याच्या बाई' म्हणत होतं. समुद्रात मात्र त्या कधी उतरल्या नव्हत्या. लोकांना सुट्ट्या लागल्या की तलावावर झुंबड उडायची, आणि झुंबड उडाली की बाईंची रजा रद्द व्हायची. निवृत्तीनंतर जाऊ म्हणता म्हणता साथ आली. तलाव रिकामा करून त्याला कुलूप लावलं, त्याला आता चौदा महिने झाले होते. तेव्हापासून आजी हॉलमधल्या दिवाणावर पालथ्या पडून हातपाय मारत. त्यात आतापर्यंत एक फुलदाणी आणि एक टेबललॅम्प कामी आला होता.

"पुढच्या वर्षी शांतपणे जाऊ," असं चिरंजीव एकदा बोलून गेले होते. चिरंजीव सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि पुठ्ठ्याची खोकी डिझाइन करत.

"पुढच्या वर्षीचे गुडघे कोणी पाहिलेत?" आजी एवढंच म्हणाल्या. त्याच संध्याकाळी चिरंजीवांनी एका लहानशा बेटावरच्या दोन खोल्या आणि शनिवार सकाळच्या बोटीतल्या चार जागा नक्की केल्या.

अट एकच होती. शुक्रवारी सरकारमान्य केंद्रावर सगळ्यांची तपासणी करायची. एकाचा जरी अहवाल पॉझिटिव्ह आला, तरी अख्ख्या कुटुंबाचं नाव यादीतून बाद.

"शुक्रवारी धक्का बसण्यापेक्षा बुधवारी घरीच तपासून घेऊ," सूनबाई म्हणाल्या. "मी घरी वापरायची किट आणली आहेत."

इथवर सगळं ठीक होतं. पण सूनबाई दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. तिथे कुठल्या डेअरीचं दूध कुठल्या बाटलीत आहे, हे तपासणाऱ्याला कळू देत नाहीत. कोणीतरी त्रयस्थ माणूस नावं काढून नंबर चिकटवतो आणि यादी पाकिटात बंद करतो. कळलं की नजर फितूर होते, असं सूनबाईंचं म्हणणं होतं.

"अगं, पण आपण काय दूध आहोत?" चिरंजीव म्हणाले.

"मागच्या महिन्यात तुम्ही शिंकलात तर तुम्ही म्हणालात धूळ आहे. आई शिंकल्या तर म्हणालात, चला डॉक्टरकडे. याला नजर फितूर होणं म्हणतात."

"बरोबर बोलतेय ती," आजी म्हणाल्या. ती शिंक त्या विसरल्या नव्हत्या.

त्रयस्थ म्हणून तळमजल्यावरचे मास्तर ठरले. मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. या घराशी त्यांचं वैर नव्हतं आणि फार सख्यही नव्हतं, हे सूनबाईंना शास्त्रीयदृष्ट्या आदर्श वाटलं.

बुधवारी सकाळी प्रत्येकाने आपापली काडी घेऊन वेगळ्या खोलीत जायचं, नाकात फिरवायची, नळीतल्या द्रावणात घोळवायची आणि नावाची चिठ्ठी लावलेली नळी ट्रेमध्ये ठेवायची, असं ठरलं. तसं झालं. ट्रे दाराबाहेर गेला. दोन मास्क आणि हातमोजे घातलेल्या मास्तरांनी चिठ्ठ्या काढल्या, नंबर चिकटवले, यादी केली, पाकीट बंद केलं, त्यावर सवयीने तारीख घातली आणि ते पाकीट घेऊन जिना उतरले.

सूनबाईंनी चार पट्ट्यांवर थेंब टाकून पंधरा मिनिटांचं घड्याळ लावलं. तीन पट्ट्यांवर एकेक रेघ आली. चौथीवर दोन.

"चारशे सतरा," सूनबाई म्हणाल्या.

"कोण आहे चारशे सतरा?" अकरा वर्षांच्या चिऊने विचारलं.

चौघंही एकाच वेळी एकेक पाऊल मागे सरकली. मागे भिंत असल्यामुळे आजींचं पाऊल तेवढं अर्धंच पडलं.

सूनबाईंनी गॅलरीतून खाली हाक मारली. "मास्तर! पाकीट उघडायचंय!"

"थोडं थांबा, वहिनी. वाळतंय."

सूनबाई वाकून पाहू लागल्या. खालच्या गॅलरीतल्या दोरीवर, दोन मोज्यांच्या मधोमध, चिमटा लावलेलं पाकीट डुलत होतं.

"तुम्ही धुतलंत?"

"म्हणजे काय! बाहेरून घरात येणारी वस्तू मी धुतल्याशिवाय घेत नाही. साबणाच्या पाण्यात वीस मिनिटं. पण काळजी करू नका, आत डोकावलोसुद्धा नाही. टपालाची गुप्तता म्हणजे गुप्तता."

पाकीट उघडलं. आत एक स्वच्छ, सुवासिक, फिकट निळा कागद निघाला. मास्तर अजून शाईचं पेन वापरत होते.

"मास्तर, आठवून बघा ना. चारशे सतरा कोणाला दिला होतात?"

"वहिनी, चाळीस वर्षांतले पत्ते लक्षात ठेवले असते तर वेडा झालो असतो. हातातून गेलं की डोक्यातूनही गेलं."

आता घरात एक माणूस पॉझिटिव्ह होता आणि तो कोण, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. पद्धत उत्तम यशस्वी झाली होती.

"पुन्हा तपासू," चिरंजीव म्हणाले. "खोक्यावर पाच किट लिहिलंय. पाचवं आहे की."

"ते खराब निघालं," सूनबाई घाईने म्हणाल्या. "आणि औषधांच्या दुकानांत सोमवारपर्यंत नवीन येणार नाहीत. मी फोन केला होता."

मग एकच मार्ग उरला. प्रत्येकाने प्रत्येकापासून लांब राहायचं. सूनबाईंनी जागावाटपाच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिऊला बेडरूम मिळाली, आजींना हॉल, सूनबाईंना गॅलरी आणि चिरंजीवांना स्वयंपाकघर. या शेवटच्या चिठ्ठीवर सगळ्यांनीच नापसंती दाखवली, पण चिठ्ठी ती चिठ्ठी. बाथरूमचं वेळापत्रक दारावर लागलं. एकाचं झालं की पंधरा मिनिटं खिडकी उघडी ठेवायची आणि मग पुढचा.

"आणि मध्येच लागली तर?" आजींनी हॉलमधून विचारलं.

"आपत्कालीन कोट्यात एक जागा ठेवली आहे, आई. दिवसाला एक."

घरातल्या घरात व्हिडिओ कॉल सुरू झाले.

"चिऊ, जेवलीस का?"

"आई, तुझा आवाज दोनदा येतोय. एकदा फोनमधून आणि एकदा भिंतीतून. भिंतीतला जास्त रागावलेला वाटतो."

जेवणाबद्दल फारसं बोलण्यासारखं नव्हतं. चिरंजीवांनी दुपारी अंडी उकडली, रात्री अंडी उकडली आणि गुरुवारी सकाळी बदल म्हणून पाव भाजला. प्रत्येकाचा वाटा त्यांनी घडी घातलेल्या पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यातून दाराशी सरकवला. खोकी अतिशय देखणी होती.

पाव भाजल्यानंतर पाचच मिनिटांत गॅलरीतून आवाज आला. "काय जळतंय?"

"काही नाही," चिरंजीव म्हणाले.

"बाबा, माझ्या खोलीत धूर आलाय!" चिऊ ओरडली.

खालून मास्तरांनीही काय जळतंय म्हणून विचारलं. त्यांनी दोन मास्क लावले होते.

मग आजी सावकाश म्हणाल्या, "खालच्या मजल्यापर्यंत वास गेला. तुला नाही आला?"

"आला की. मला वाटलं, तो तसाच असतो."

"वास न येणं हे लक्षण आहे," सूनबाई गंभीरपणे म्हणाल्या. "चारशे सतरा तुम्हीच. मी बोटीच्या ऑफिसला फोन करून जागा रद्द करते."

हॉलमधलं हातपाय मारणं एकदम थांबलं. दिवाणाची करकर बंद झाली. आजी काही बोलल्या नाहीत, आणि आजी काही न बोलणं हे त्या घरात धुरापेक्षा लवकर पसरत असे.

"थांब!" चिरंजीव ओरडले. "फोन ठेव. मी पॉझिटिव्ह असूच शकत नाही."

"का?"

"कारण मी काडी नाकात घातलीच नाही." भिंतीपलीकडून त्यांनी घसा खाकरला. "मनात म्हटलं, आलाच काही तर माझ्यामुळे आईचा समुद्र जायला नको. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवली. नीट उकळलं होतं."

"अहो!"

"म्हणजे चारशे सतरा बाबा नाही," चिऊ म्हणाली. "आणि मीपण नाही. मी ती काडी अस्वलाच्या नाकात घातली. कापसाच्या. माझ्या नाकात गुदगुल्या होतात."

"चिऊ!"

"पण दोन्ही नाकपुड्यांत घातली, आई. तू सांगितलंस तसं पाच पाच वेळा फिरवली."

सूनबाई गॅलरीतल्या स्टुलावर बसल्या. बारा वर्षांच्या नोकरीत एवढी भेसळ त्यांनी पाहिली नव्हती. "आई," त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही तरी?"

हॉलमधला दिवाण एकदा करकरला.

"हे बघ सूनबाई, माझ्या समोर त्या वेळी पेला होता."

"कसला?"

"संत्र्याच्या रसाचा. नाकात घातली आणि काही निघालं, तर मीच माझ्या हाताने समुद्र घालवला असं व्हायचं. म्हणून बुडवली पेल्यात. म्हटलं, काडीला तेवढंच जीवनसत्त्व."

सूनबाई ताडकन उठल्या. "संत्रं? आंबट होतं?"

"चांगलंच."

"आंबट टाकलं की ही पट्टी बिघडते! दुसरी रेघ खोटीच उमटते! नासकं दूध आलं की आमच्याकडे अशीच तऱ्हा होते." सूनबाईंच्या आवाजात कालपासून पहिल्यांदाच जीव आला. "म्हणजे चारशे सतरा माणूस नाहीच. लागण संत्र्याला झालीय!"

चारही खोल्यांत एकदम आनंदाचा कल्लोळ झाला. फक्त चिऊच्या डोक्यात आईचं शिक्षण मुरलं होतं. "पण आई, सिद्ध कसं करणार? रस टाकून बघायला किट पाहिजे. पाचवं नक्की खराब होतं का? कसं खराब होतं?"

गॅलरीतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"सूनबाई?" आजी म्हणाल्या.

"खराब नव्हतं," सूनबाई म्हणाल्या. "मंगळवारी मी ते गुपचूप स्वतःवर वापरलं. निगेटिव्ह आलं, म्हणून तर म्हटलं, चला, सगळ्यांचीच रीतसर करू."

"आणि म्हणे नजर फितूर होते!" चिरंजीव स्वयंपाकघरातून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच वादात त्यांचं पारडं जड झालं होतं, त्यामुळे पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. ते पुन्हा तेच म्हणाले.

शुक्रवारी चौघं तपासणी केंद्रावर एकमेकांपासून दोन-दोन मीटर अंतर ठेवून उभी राहिली. तिथल्या नर्सबाईंना उकळलेलं पाणी, अस्वल किंवा संत्रं यातलं काहीही चालत नव्हतं. त्यांनी प्रत्येकाचं डोकं एका हाताने धरलं आणि काडी थेट मेंदूची चौकशी करून बाहेर काढली. संध्याकाळी अहवाल आले. चारही निगेटिव्ह.

आजींनी पोहण्याचा चष्मा घालूनच चहा घेतला. चिरंजीवांनी बोटीच्या ऑफिसला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"अभिनंदन," पलीकडचा कारकून म्हणाला. "उद्या सकाळी नऊला या. नवीन नियम कळला ना? कालच निघालाय. बेटावर पोचल्यावर सात दिवस खोलीबाहेर पडायचं नाही. आठव्या दिवसापासून कुठेही फिरा, काही बंधन नाही."

चिरंजीव चाचरले. "आमचं बुकिंग सहा दिवसांचं आहे."

"हां. मग तुम्हाला आठवा दिवस नाहीये."

"वाढवता येईल का?"

"पुढे सगळं भरलंय, साहेब. पण एका खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. खुर्चीवर उभं राहिलं तर."

चिऊ आजीकडे बघत होती, सूनबाई जमिनीकडे. चिरंजीवांनी "मग रद्दच—" असं म्हणायला तोंड उघडलं, तोच आजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन हातात घेतला.

"बोट बेटाला टेकते का हो?"

"नाही आजी, तिथे पाणी उथळ आहे. बोट लांब उभी राहते. तिथून छोट्या होडीने किनाऱ्यावर सोडतात. थेट खोलीत."

"लांब म्हणजे किती?"

"असेल दोनशे मीटर."

"आणि परत येताना?"

"तसंच. होडीने बोटीपर्यंत."

"होडीनेच जायला पाहिजे, असं नियमात लिहिलंय का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. "प्रवाशांनी बोटीतून उतरून किनाऱ्यावर यावं, आणि थेट खोलीत जावं... कसं यावं ते लिहिलेलं नाही. पण आजी, होडीशिवाय येणार कसं?"

"उतरून," आजी म्हणाल्या. "आमच्या तलावाच्या आठ फेऱ्या होतील. जाताना आठ, येताना आठ. आमचं सामान तेवढं होडीत घ्या. आणि होडी जरा हळू चालवायला सांगा. माझ्यामागे राहील अशी."