कुंदाकाकूंच्या चिठ्ठ्या

"घरी याला कसं उठवता?"

पडद्यापलीकडे कुंदाकाकू एका बापाला विचारत होत्या. पाच वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल्स काढायचे होते. बाप आधीच घाबरलेला. "मी दारातून, मॅचमध्ये ओरडतात तसं, 'टचडाउन!' असं ओरडतो," तो कसाबसा म्हणाला. काकूंनी ते चिठ्ठीवर लिहून खिशात घातलं.

तासाभराने मुलगा भुलीतून बाहेर यायला लागला, तेव्हा साठीला टेकलेल्या, मूळच्या नागपूरच्या कुंदाकाकू त्याच्या कानाशी वाकून अंगाई म्हणावी तसं पुटपुटत होत्या, "टचडाउन... टचडाउन..." पोरगं डोळे उघडून चक्क हसलं.

अमेरिकेतल्या मिनेसोटात, लहान मुलांच्या आमच्या हॉस्पिटलात, ऑपरेशननंतर मुलांना जिथे आणतात त्या खोलीत काकू वीस वर्षं नर्स आहेत. मी तिथली सगळ्यात नवी. "आधी भीती जागी होते, मूल मागाहून," हे काकूंचं ठरलेलं वाक्य. म्हणून तिथे कशाचाही आवाज झालेला त्यांना खपत नाही. ट्रॉलीच्या चाकांना त्या घरून आणलेलं तेल घालतात. खिशात किल्ल्या खुळखुळवणाऱ्या डॉक्टरांकडून त्या दाराशीच काढून घेतात आणि एका स्टीलच्या डब्यात ठेवतात. एकदा तो डबा जेवणाचा समजून त्या घरी घेऊन गेल्या. तीन सर्जन पार्किंगमध्ये बर्फात उभे. मी घाबरत फोन केला, तर काकू म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे माझी पोळीभाजी तिकडेच राहिली?"

मी कमी बोलते. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे काकूंशी बोलायला मराठी वाक्य आधी मनात जुळवते, तोवर विषय बदललेला असतो. "मिठाची गुळणी धरलीयस का गं?" काकू विचारतात, आणि लगेच म्हणतात, "असू दे. या खोलीत तूच एक कामाची आहेस."

मार्चमध्ये काकूंचंच पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, दुसऱ्या, मोठ्या माणसांच्या हॉस्पिटलात. घरी न्यायला सोबत कोणीतरी हवं, असा तिथला नियम. मूलबाळ नाही, आणि काकांना जाऊन चार वर्षं झालेली. "तुला ड्राइव्ह करता येतं ना?" त्यांनी मला विचारलं. "बोलावं नाही लागणार."

आत नेताना मात्र त्यांनी माझ्या मुठीत एक चिठ्ठी कोंबली. "नियम म्हणजे नियम," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "प्रत्येक पेशंटची असते."

चिठ्ठीत एकच ओळ होती आणि खाली लिहिलं होतं, 'काका रोज असं म्हणायचे. हळू म्हणणे.' हे मी म्हणायचं? काकूंशी मी आजवर 'तुम्ही'शिवाय बोललेली नाही.

ऑपरेशन नीट झालं. मला आत सोडलं, तेव्हा तिथली नर्स खणखणीत आवाजात म्हणत होती, "वेक अप, मॅम! ऑल डन!" चांगली होती बिचारी, पण घाईत होती. काकूंचे डोळे मिटलेलेच होते. हात तेवढा चादरीवर काहीतरी चाचपडत होता, आणि कपाळाला आठ्या पडल्या होत्या. भीती जागी झाली होती. काकू अजून यायच्या होत्या.

मी तो हात धरला. या वेळी वाक्य जुळवायचं नव्हतं, फक्त म्हणायचं होतं. मग त्यांच्या कानाशी वाकले.

"कुंदे, ऊठ," मी म्हणाले. "चहा झालाय."