खेकडी भाषा आणि टिटवीची चार अंडी

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. नदी होती. नदीवर दोन डोह होते, एक वरचा आणि एक खालचा. आणि प्रोग्रॅम लिहिणारं एक खवले मांजरही होतं. जंगलात प्रोग्रॅम कुठून आले, असं विचारू नका. तुमच्या घरात आले तसेच तिथे आले.

या खवले मांजराचं नाव गुंडोपंत. अंगावर खवले, डोळ्यांवर चष्मा, आणि कुणी अवघड प्रश्न विचारला की पंत स्वतःला गुंडाळून घेऊन चेंडू होत. विचारणारा कंटाळून गेला की उलगडत. या पद्धतीनं त्यांनी वीस वर्षं नोकरी केली होती.

नदीकाठी एक भोंगा होता. वरच्या जंगलातल्या धरणाचं पाणी सुटलं की तो वाजायचा. भोंगा वाजला की वानरांनी टोपल्या घेऊन पळत यायचं आणि काठावरची अंडी-पिल्लं टेकडीवर न्यायची, अशी तिथली पद्धत. भोंग्याचा प्रोग्रॅम पंतांनीच लिहिलेला, अजगरी नावाच्या जुन्या भाषेत. अजगरी तशी बरी भाषा. काहीही लिहा, ती गिळायची आणि मग सावकाश पचवायची.

फक्त भोंगा उशिरा वाजायचा. गेल्या साली तो वाजला तेव्हा पाणी येऊन गेलं होतं, आणि वानरं रिकाम्या टोपल्या घेऊन ओल्या वाळूत उभी होती. त्या वाळूत चंद्राक्का टिटवीची चार अंडी होती. ती गेली.

यंदा चंद्राक्कानं पुन्हा अंडी घातली. तिथेच, वाळूत. टिटवीला झाडावर घरटं जमत नाही, त्याला ती काय करणार? त्याच दिवशी ती पंतांच्या दारात येऊन उभी राहिली.

"पंत, अठ्ठावीस दिवसांनी पिल्लं निघतील," ती म्हणाली. "तोवर तेवढा भोंगा बघा."

पंत 'बघतो' म्हणाले, आणि मनापासून म्हणाले बरं का. गेल्या सालची अंडी त्यांच्याही जिवाला लागली होती. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दुरुस्ती सांगितली की त्याला पहिल्यांदा काय वाटतं, ठाऊक आहे? हे सगळं पाडावं आणि नवं लिहावं. तेही नव्या भाषेत. मला कसं माहीत, ते सोडा.

नवी भाषा होती खेकडी. जंगलातले सगळे हुशार प्राणी म्हणत, अजगरी आता म्हाताऱ्यांची झाली, खेकडी शिका. आणि योग असा की लांबच्या डोंगरावरचे घुबडशास्त्री त्याच वेळी आपली वार्षिक कोडी सुरू करत होते. पंचवीस दिवस, रोज सूर्य उगवला की एक कोडं, प्रोग्रॅम लिहून सोडवायचं. पूर्वार्ध सुटला की एक सोनेरी पान, उत्तरार्ध सुटला की दुसरं. कुणाचा कितवा नंबर, ते एका फळ्यावर लागायचं.

पंतांनी बोटं मोजली. पंचवीस दिवस कोडी, तेवढ्यात भाषा येईल. मग तीन दिवस हातात राहतात, त्यात भोंगा उरकू. त्यांच्या पत्नी गोदूबाईंनी विचारलं, आधी भोंगा आणि मागाहून भाषा, असं का नाही? पंत चेंडू झाले.

पहिलं कोडं अगदी सोपं होतं. एका अस्वलाच्या मधाच्या पोळ्यांची बेरीज करायची होती. पंतांनी ऐटीत चार ओळी लिहिल्या. पण खेकडी भाषेत एक तपासनीस असतो. प्रोग्रॅम चालवण्याआधी तो वाचतो आणि चिमटे काढतो. तो म्हणाला, ही यादी तुम्ही वरच्या ओळीत बेरजेला देऊन टाकलीत, आता ती तुमची नाही. पंत म्हणाले, अहो, यादी माझी, दिली मीच. तपासनीस म्हणाला, दिलीत ना, मग संपलं. पंतांनी ती उसनी मागून पाहिली. तर तो म्हणे, उसनी किती दिवस जगणार ते आधी लिहून द्या.

त्या बेरजेला चार तास लागले. पण सोनेरी पान मिळालं, आणि पंतांना वाटलं की आपण तरुण झालो. उत्तरार्ध उघडला. त्यात लिहिलं होतं, आता हेच अब्ज वेळा करा. पुढेही रोज उत्तरार्धात तेच असे.

पाचव्या दिवशी पंतांनी युक्ती काढली. कोडं आधी गुपचूप अजगरीत सोडवायचं. त्याला दहा मिनिटं लागत. मग दुपार होईतो त्याचं खेकडीत भाषांतर करायचं. ती खेकडी वाचली की वाटे, अजगरालाच कुणीतरी पाय चिकटवलेत. पण फळ्यावर 'भाषा: खेकडी' असंच लागायचं आणि पंत ते गोदूबाईंना दाखवून यायचे. वारुळाकडे जायचं त्यांचं केव्हाच सुटलं होतं. बाईच मुंग्या आणून घालत, आणि पंत त्या खाण्याआधी चढत्या क्रमानं लावून बघत.

मध्ये दोनदा चंद्राक्का येऊन गेली. पंतांनी तिला सांगितलं की पाया पक्का होतो आहे. ती म्हणाली, वाळूत पाया कसला पंत, आणि अंड्यांकडे परत गेली.

सतराव्या दिवसाचं कोडं ऐका हं. एक नदी आहे. दर तासाला पाणी किती चढतं ते दिलं आहे. काठावर वाळूत एका पक्ष्याचं घरटं आहे. पाणी घरट्याला किती तासांनी लागेल?

पंतांनी ते दीड तासात सोडवलं. थेट खेकडीत, अजगरीला हात न लावता. उत्तर आलं एकेचाळीस. फळ्यावर नंबर चार हजार तीनशे बारावा. पंतांना इतका आनंद झाला की ते शेपटी आपटत घरभर फिरले. तेवढ्यात चंद्राक्का आली. पंतांनी तिला पंखाला धरून बसवलंच.

"हे बघा अक्का. नदी, पाणी, घरटं. बरोब्बर एकेचाळीस तास."

"कुठली नदी?"

"काल्पनिक आहे."

चंद्राक्का तशीच उठली आणि खऱ्या नदीकडे उडून गेली. पंतांना वाटलं, तिला त्यातली खुबी कळली नसावी.

पंचविसाव्या दिवशी पन्नासावं पान मिळालं. सव्विसाव्या दिवशी सकाळी पंतांनी शब्द पाळला. कोरं पान घेतलं, वर मोठ्या अक्षरांत 'भोंगा' असं लिहिलं आणि चंद्राक्काला बोलावून घेतलं. मग ते बसून राहिले. कोड्यात सगळं आयतं मिळतं. माहिती मिळते, एक छोटा नमुना मिळतो, आणि त्या नमुन्याचं उत्तर काय यायला हवं तेही मिळतं. इथे काहीच नव्हतं. समोर एक टिटवी होती.

"अक्का, सुरुवातीला एखादा नमुना लागेल," पंत म्हणाले.

"नमुना म्हणजे गेल्या सालची माझी अंडी," चंद्राक्का म्हणाली. "चार होती."

"आणि... अपेक्षित उत्तर?"

"यंदा चार."

पंत चेंडू झाले. एरवी ते प्रश्न टाळायला होत असत. या खेपेस त्यांना रडू येत होतं, आणि ते तिला दिसू नये असं वाटत होतं. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग ती निघून गेली. पंत दोन दिवस तसेच पडून राहिले. गोदूबाई त्यांच्याभोवतीनं केर काढत होत्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी भोंगा वाजला.

वानरं टोपल्या घेऊन धावली. वाळूत चार पिल्लं नुकतीच अंड्यांबाहेर येऊन थरथरत उभी होती. वानरांनी ती टोपलीत घातली, टेकडीवर नेली, वर पाला पांघरला. आणि त्यानंतर, सगळं आटोपल्यानंतर, पाणी आलं.

पंत उलगडले आणि धापा टाकत भोंग्यापाशी गेले. प्रोग्रॅमची पेटी उघडी होती. चंद्राक्का शेजारी दगडावर बसली होती. तिला ना अजगरी येत होती, ना खेकडी. पण वाचता येत होतं. ती पंतांचाच जुना प्रोग्रॅम वरून खाली एकेक ओळ वाचत गेली होती. सातव्या ओळीत, पाणी कुठलं बघायचं तिथे, 'खालचा डोह' असं होतं. पाणी वाळूवरून जाऊन पुढे खालच्या डोहात पोचल्यावर भोंगा वाजणार, मग तो उशिरा नाही वाजणार तर काय? आणि त्या ओळीशेजारी, पुढे आपल्या लक्षात राहावं म्हणून, पंतांनीच नऊ वर्षांपूर्वी एक टीप लिहून ठेवली होती.

'हे तात्पुरतं आहे. सवडीनं वरचा डोह करणे. - गुंडोपंत.'

चंद्राक्कानं चोचीनं 'खालचा' खोडून 'वरचा' लिहिलं होतं. पंतांनी आपलं अक्षर ओळखलं. त्यांना इतकी लाज वाटली की गुंडाळून घ्यायचंसुद्धा सुचलं नाही. ते तिला म्हणाले, "अक्का, माझं चुकलं." ती म्हणाली, पिल्लांना भूक लागली असेल, आणि टेकडीकडे गेली.

संध्याकाळी जंगलाची सभा भरली. पंत पंचवीस दिवस तप करून खेकडी शिकले आणि भोंगा वेळेवर वाजू लागला, असं सगळ्यांच्या मनानं घेतलं होतं. शाल आली, नारळ आला. पंत खरं सांगायचं ठरवूनच उठले होते. त्यांनी चष्मा पुसला. सभेच्या कडेला चंद्राक्का पिल्लांना किडे टिपायला शिकवत होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"मंडळी, खरं म्हणजे हा भोंगा..."

"ते राहू द्या पंत," पुढच्या रांगेतला रानडुक्कर म्हणाला. "पुढच्या वर्षी कुठली भाषा?"

सभा कान टवकारून बसली. चंद्राक्कानंही मान वर केली. पंतांनी खांद्यावरची शाल सावरली. मग त्यांनी एका भाषेचं नाव सांगितलं, आणि टाळ्या पडल्या.

तात्पर्य : आपल्या कामातली चूक एकाच शब्दाची असेल, तर ती कधीही लगेच सुधारू नये. मग नवी भाषा शिकायला निमित्त कुठून आणायचं?