‘आधी’चा फोटो

"बाबा, धडधाकट घर दुरुस्त कसं करतात हो?"

पाहुण्यांसमोर हा प्रश्न रुचा विचारूच शकणार नाही, अशी वर्गातल्या ज्ञानेश्वरी आणि अश्विनीने पैज लावली होती. पण वक्तृत्वात पहिली आल्यापासून दहावीतल्या रुचाची जीभ तिच्या स्वतःच्याही ताब्यात नव्हती.

बाबांचा, म्हणजे रविकांत सरांचा, चहा मिशीतच अडकला. जुनी घरं नटवून विकण्याचा उद्योग त्यांनी नुकताच आरंभला होता आणि कापडबाजारामागचं पहिलंच घर दुर्दैवाने उत्तम निघालं होतं. सागवानी खांब, दगडी भिंती. गळायचं म्हटलं तर पावसाला फट सापडत नव्हती.

"म्हणून आधी ते बिघडवायचं," पाहुणा म्हणून आलेला सल्लागार अनिमेष गंभीरपणे म्हणाला. "गिऱ्हाईक ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बघतं. ‘आधी’ भयाण नसेल, तर ‘नंतर’ला कोण विचारतो?"

त्यानुसार पाथर्डीच्या सूर्यभान गवंड्याने आठवडाभर घण घातले. "सर, गिलावा पडला, पन भित ढिम्म हलंना," तो घाम पुसत म्हणाला. "हिला पाडायची हाय का राखायची, ते तरी येकदा ठरवा!"

शेवटी काजळी फासली, जळमटं डकवली. जाहिरातीत फोटो असा झकास आला, की तो पाहून महापालिकेच्या कचेरीने विलक्षण तत्परतेने दारावर पाटी ठोकली: ‘धोकादायक इमारत. प्रवेश निषिद्ध.’

सर कचेरीत धावले. कारकून सहादेवरावांनी फायलीतून मान वर काढली नाही.

"दुरुस्तीशिवाय पाटी निघत नाही."

"मग करतो ना दुरुस्ती!"

"पाटी असताना आत शिरता येत नाही."

"अहो, पण मग?"

"सामान सुरक्षित स्थळी हलवा. तेवढ्यापुरतं शिरता येतं. त्याचा अर्ज वेगळा."

सुरक्षित स्थळ म्हणजे सावेडीतला सरांचा फ्लॅट, तिसरा मजला, रुचाची खोली. जुन्या घरात दुसरं सामान नव्हतं, म्हणून सागवानी दारं, चौकटी, झोपाळा आणि चार माणसांना न उचलवणारा दगडी उंबरा तिथे विसावला. बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर. रुचा जिन्यात बसून भूमिती करू लागली. येणारे-जाणारे तिच्या प्रमेयांवरून चढू-उतरू लागले.

"थोडी कळ काढ गं," आई म्हणाली. "घर विकलं की तुला मोठ्ठी खोली."

रविवारी खालच्या राजेश्वरीकाकूंच्या आमटीत छताचा पोपडा पडला. रुचाच्या खोलीची जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडकली होती. सोसायटीने कळवलं, कचेरीने तीच पाटी इथेही ठोकली. पाठोपाठ आलेला अनिमेष तडा पाहून हरखूनच गेला.

"सर, इतकं अस्सल ‘आधी’ तिकडे जन्मात जमलं नसतं!"

तो मोबाईल काढतोय तोवर रुचाने दप्तर पाठीला लावलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी बाजारातल्या घरी राहायला चालले. पाटी दोन्हीकडे एकच आहे, पण तिकडची भिंत सूर्यभानकाकांनी आठवडाभर घण घालून तपासलीये. इकडे सावेडीत कुणाची भिंत कुणी तपासलीये, सांगा!"