धम्मशीला नेमकी कुठं आहे?

धम्मशीलानं मॉरिशसहून पाठवलेला पहिला फोटो सिद्धोधननं जेवणाचं ताट बाजूला सारून उघडला, आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली. फोटोत ऊस होता. पुढं ऊस, मागं ऊस, आणि मधे ओढणी सावरत हसणारी धम्मशीला.

सिद्धोधन गंगाखेडजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. दिवसभर ऊसच बघायचा. पोरीला साखर तंत्रज्ञान शिकायला शिष्यवृत्ती मिळाली, ती विमानानं समुद्रापलीकडच्या बेटावर गेली, तेव्हा त्यानं चौकात बॅनर लावला होता. लोकांना आता निळा समुद्र आणि नारळाची झाडं बघायची होती. तरी त्यानं मोठ्या अभिमानानं फोटो शेजारच्या अण्णासाहेब मास्तरांना दाखवला.

निवृत्त हेडमास्तर असल्यामुळं कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय सोडायची नाही, ही अण्णासाहेबांची सवय होती. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला.

"सिद्धोधन, हे तर आपल्या धारखेडचं शिवार दिसायलंय."

"न्हाई मास्तर, मॉरिशस हाय."

"कोपऱ्यात मारुतीचं देऊळ हाय की! लाल झेंडा बघ."

"तिथं बी हायेत म्हणं देवळं."

"असतील, असतील," मास्तर म्हणाले. पण गंगाखेडची पोरगी उसाचा अभ्यास करायला परदेशी जाते, म्हणजे माशानं पोहण्याची शिकवणी लावल्यासारखं झालं, असं त्यांनी त्याच संध्याकाळी चहाच्या हॉटेलात बोलून दाखवलं.

सिद्धोधननं पोरीकडून समुद्राचा फोटो मागवला. मास्तर म्हणाले, "अलिबाग." तिकडं हिवाळा लागला म्हणून भर मे महिन्यात स्वेटर घातलेला फोटो आला. मास्तर म्हणाले, "महाबळेश्वर." मग सिद्धोधननं सांगितलं, की तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं. तेव्हा तर मास्तरांना हसू आवरेना.

"अरे, परदेश म्हंजे आपला दिवस तर त्यांची रात्र! दीड तासात आपली यष्टी परभणीला पोचती न् माघारी फिरती."

ही गोष्ट त्या यष्टीनंच पुढं गेली असावी. वालूरला पोचेपर्यंत तिचं रूप पार पालटलं होतं. सिद्धोधनच्या बायकोची, बबिताची, मावशी सुलाबाई तिथं राहायची. ती पिशवी घेऊन दारात उतरली ती डोळ्याला पदर लावूनच.

"बबे, झालं ते झालं. पोरगं कोण हाय, कुठलं हाय, मी काय इचारत न्हाई. निदान नोकरीला तर हाय ना?"

"कोणतं पोरगं, मावशी?"

"ज्याच्यासंगं धम्मी पळाली ते! आन् तुमी मॉरिशस मॉरिशस करायलाव."

बबितानं तिला आत घेऊन दार लोटलं. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटायला ती गेलीच नाही. बायका विचारतील, आणि आपण खरं सांगितलं तरी एकमेकींकडं बघतील, हे तिला सहन होणारं नव्हतं. तिचा उतरलेला चेहरा बघून सिद्धोधननं पोरीला फोन लावला.

"धम्मे, रविवारी सगळ्यांम्होरं व्हिडिओ कॉल कर. बाजूला एखादा फॉरेनर बसव."

"बाबा, इथं बरेच लोक आपल्यासारखेच दिसतात. माझ्या सरांचं नाव रामदीन आहे."

"ते नको! आपल्यातलं वाटू नये असं माणूस पाह्यजे."

"मग आमच्या घरमालकीणबाईंना बसवते. त्या दिवसभर फ्रेंच बोलतात."

"बेस!" सिद्धोधन म्हणाला.

रविवारी संध्याकाळी अंगणात, कुंपणापलीकडच्या उसाकडं पाठ करून, खुर्च्या मांडल्या. फोन तांब्याला टेकवून स्टुलावर ठेवला. पहिल्या खुर्चीत अण्णासाहेब, पुढं सतरंजीवर सुलाबाई, मागं सगळी गल्ली. बबिता उंबऱ्यातच उभी राहिली. फोन लागला.

"जय भीम बाबा! या आमच्या घरमालकीणबाई."

पडद्यावर एक म्हातारी आली. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, डोक्यावर काठापदराच्या लुगड्याचा पदर.

सिद्धोधन फोनवर वाकला. "बाई, फ्रेंच बोला, फ्रेंच!"

पण घरात आज मराठी माणसं भेटणार म्हणून म्हातारी सकाळपासून हरखली होती. तिनं हात जोडले.

"राम राम मंडळी! मी सगुणाबाई. जेवण झाले काय?"

अंगणात एकच हशा उसळला. अण्णासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "ही तर आपल्या सोनपेठची निघाली!"

"माझे पणजोबा रत्नागिरीहून जहाजात बसून आले," सगुणाबाई सावकाश म्हणाली. "आम्ही घरी थोडी मराठी राखली आहे."

"पाठांतर चांगलं हाय," मास्तर म्हणाले.

एवढ्यात सगुणाबाईनं चष्मा चढवला आणि ती पडद्याजवळ आली. "धम्मी, ही माणसे कुठे बसली आहेत?"

"भारतात, आजी. आमच्या घरी."

"भारतात? मागे ऊस आहे. हे तर आमच्या फ्लाक गावाकडचे शेत!" म्हातारीचा आवाज चढला. "दूर देशाची एकटी पोर म्हणून मी तुला घरात घेतले. आणि तुझे आईबाप इथेच? खोटे बोलणारी मुलगी मी घरात ठेवत नाही."

धम्मशीलाचा चेहरा पांढरा पडला. अंगणातला हशा थांबला.

अण्णासाहेब खुर्चीतून उठले. "ओ बाई! आमी भारतात हाव!"

"कशावरून?"

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. तेवढ्यात रस्त्यावरून यष्टी गेली. त्यांनी फोन उचलून तिच्याकडं धरला. "ही बघा!"

"बस आमच्याकडेही आहे."

"ही म्हैस बघा!"

"ही तर गाय दिसते."

मास्तरांनी खिशातून आधार कार्ड काढून फोनला चिकटवलं. "काळे दिसते," सगुणाबाई म्हणाली. मास्तर घामाघूम झाले. आयुष्यात त्यांच्या शब्दावर असा अविश्वास कुणी दाखवला नव्हता.

"अहो बाई," ते शेवटी ओरडले, "ती पोरगी समुद्र वलांडून, विमानात बसून तुमच्याकडं आलीय! मी सवता तिला बसस्टँडवर सोडायला गेलतो! लेकरू खरं बोलायलंय!"

सिद्धोधन हळूच म्हणाला, "मास्तर, जरा मोठ्यानं बोला. मागल्यांना ऐकू गेलं न्हाई."

इतका वेळ उंबऱ्यात असलेली बबिता पुढं आली. तिनं मास्तरांच्या हातातून फोन घेतला.

"बाई, पोरगी वाळलीय. जेवती का नीट?"

सगुणाबाईनं चष्मा काढला. "भात खाते. भाजी बाजूला काढते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "तू खरंच लांब आहेस ग बाई. राहू दे पोरीला. मी बघेन."

बबिता फोन घेऊन आत गेली. तिचं हसणं बाहेर ऐकू आलं.

"मी तर पहिल्यापासून सांगायलो," अण्णासाहेब खुर्चीत टेकत म्हणाले, "मॉरिशसच हाय ते."

"मग मास्तर," सुलाबाई म्हणाली, "आमच्या वालूरला येऊन तेवढं सांगा. माझं कुणी ऐकायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मास्तर खरोखरच तिच्याबरोबर वालूरला गेले. पारावरच्या मंडळींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांतल्या दत्तराव नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पर मास्तर, तुमी सवता गेलता का मॉरिशसला?"

मास्तरांनी टोपी काढून घाम पुसला.

"तिकडूनच यायलो," ते म्हणाले, आणि प्यायला पाणी मागितलं.